खाली माणूस असताना

सूसला आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर घरगुती पदार्थांचं एक दुकान आहे. परवा त्याच्या दारात नवी पाटी दिसली : ‘वाणाचे अनारसे मिळतील. तेहतिसांचा बॉक्स. सोबत दिवा.’ मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. कॅलेंडर मी दूधवाल्याचे खाडे टिपण्यापुरतंच बघते, त्यामुळे अधिक महिना लागल्याचं मला त्या पाटीवरून कळलं. आणि अधिक कोण, तर ज्येष्ठ. मधल्या काळात आश्विन अधिक येऊन गेला, श्रावण येऊन गेला, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. ज्येष्ठ मात्र आठ वर्षांनी परत आला, आणि भर उन्हात, रिक्षांच्या धुरात, माझ्या नाकाला ओल्या गाळाचा वास आला. दुकानातल्या बाईंनी विचारलं, “जावयांसाठी का?” मी म्हटलं, “नाही, सहज.” अनारसे कोणी सहज विकत घेत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. मी पाव किलो चिवडा घेऊन वर आले.

परभणीकडे आम्ही याला धोंड्याचा महिना म्हणतो. लेक ज्याला दिली तो जावई म्हणजे साक्षात नारायण, असं या महिन्यापुरतं मानायचं, आणि त्याला तेहतीस अनारसे, तांब्याचं ताम्हन आणि वर तुपाचा दिवा असं वाण द्यायचं. एरवी त्याच्याविषयी काय वाटतं ते मनात ठेवायचं. आठ वर्षांपूर्वीच्या धोंड्याच्या महिन्यात आई माझ्या नवऱ्यासाठी असं वाण घेऊन यायचं म्हणत होती. अडचण एवढीच होती, की मला नवरा उरला नव्हता आणि हे आईला माहीत नव्हतं.

सुहास दिवाळीत गेला. भांडण झालं नाही. मी स्टुलावर उभी राहून पडदे धुवायला काढत होते, तो खाली उभा राहून ते झेलत होता, आणि झेलता झेलता त्यानं सांगितलं, की त्यानं बेंगळुरूला बदली मागून घेतली आहे आणि तिथं तो त्याच्या ऑफिसातल्या एका बाईबरोबर राहणार आहे. शेवटचा पडदा त्यानं नीट घडी करून पलंगावर ठेवला. त्या घडीचा मला जितका राग आला तितका त्या बाईचाही आला नाही. पुढे चार-पाच महिने मी सूसमधल्याच त्या भाड्याच्या घरात काढले. मग मार्चात ते सोडलं आणि मुळशीला किसनदादांच्या घरामागची खोली घेतली. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात ताम्हिणीला जाताना आम्ही त्यांच्या अंगणात पिठलं-भाकरी खाल्ली होती, एवढीच ओळख. किसनदादा आणि सुनंदावहिनी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना खोल्या देत. एक बाई एकटी, सामानासकट, महिनोन्महिने राहायला येते म्हटल्यावर वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “जेवायला किती भाकरी लागत्यात?” दुसरं काही त्यांनी विचारलं नाही.

मुळशीचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना मुळशी म्हणजे धबधबे आणि धुकं वाटतं. मे महिन्यात धरणाचं पाणी मागं सरतं आणि मधे भेगाळलेल्या गाळाचा रुंद, करडा पट्टा उघडा पडतो. त्यावर म्हशी हिंडतात. शेतांतून राब भाजल्याचा धूर येतो, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा आणि शेण जाळलेलं असतं, तो वास कपड्यांतून जात नाही. रस्त्यावर करवंदांचे द्रोण घेऊन बायका बसतात. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याकडून गाड्यांची रांग येते आणि रविवारी रात्री ती परत जाते. सोमवारी सगळं इतकं गप्प होतं, की आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा. मला सोमवार आवडत असे. मंगळवारपासून तो अंगावर यायला लागे.

दिवसेंदिवस मी कोणाशी बोलत नव्हते. वहिनी जेवायला हाक मारत तेव्हा ‘आले’ म्हणत असे आणि जेवण झालं की ‘छान झालं होतं’. दिवसातलं तिसरं बोलणं म्हणजे आईचा फोन. खोलीत रेंज नसे. ती मिळे फक्त किसनदादांच्या विहिरीच्या काठावर, आंब्याखाली. त्यामुळे रोज संध्याकाळी मी तिथं जाऊन उभी राहत असे. वडील मी कॉलेजात असतानाच गेलेले. परभणीच्या घरात आई एकटी. तिचे प्रश्नही ठरलेले.

“काय करायलीस?”

“काही नाही, बसलेय.”

“जेवलीस का? जावई बरे हायत का?”

“बरे आहेत. ऑफिसला गेलेत.”

“एवढ्या तिन्हीसांजेला?”

“अमेरिकेचं काम असतं ना.”

आयटीतल्या नवऱ्याचा हा एक मोठा फायदा. तो कोणत्याही वेळी ऑफिसात असू शकतो. मी त्याला रविवारी पाठवला, पाडव्याला पाठवला, एकदा तर ग्रहणात पाठवला. आणि मग आईनं सुरू केलं, “धोंड्याचा महिना लागायला. लग्नानंतरचा पहिलाच. वाण घेऊन येते मी. कधी येऊ?” मी सांगितलं, सोसायटीत पाणी नाही. मग सांगितलं, सुहास टूरवर आहे. मग घराला रंग लावला. आई प्रत्येक वेळी “बरं” म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. चिकाटी तिच्या अंगातच होती. महिना संपत चालला होता आणि माझ्याकडची कारणंही.

पोटापाण्यासाठी मी तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्या एका ॲपसाठी लिहीत होते. इंग्रजी वाक्प्रचार मराठी मुलांना समजावून द्यायचे : अर्थ, उगम आणि एक उदाहरण. त्या आठवड्यात वाट्याला आला ‘रॉक बॉटम’. खडकाचा तळ. माणूस याहून खाली जाऊच शकत नाही अशा जागी येऊन आदळला, की इंग्रजीत म्हणतात, तो रॉक बॉटमला लागला. उगम शोधला तर तो खाणी आणि विहिरी खोदणाऱ्यांकडे निघाला. माती उपसायची, वाळू उपसायची, खडी उपसायची, आणि मग कधीतरी कुदळ खण्णकन वाजते. खडक. पुढे कुदळ चालत नाही. त्यांच्याकडून तो शब्द दुकानदारांनी उचलला, ‘याच्या खाली भाव उतरणार नाही’ असं गिऱ्हाइकाला पटवायला. आणि दुकानदारांकडून तो दारूपायी सगळं गमावलेल्या, घर मोडलेल्या, दिवाळं वाजलेल्या माणसांपर्यंत कधी पोचला ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. पोचला मात्र.

मला तो शब्द फार ऐटबाज वाटला. सायबाचं दुःखसुद्धा कसं पक्क्या पायाचं! पायाखाली खडक लागला, आता खाली जाणं नाही. आपल्याकडे तशी सोय नाही. आपल्याकडे माणूस गाळात जातो. गाळाला तळ आहे की नाही हे वर बसलेल्यांना दिसत नाही आणि रुतलेल्याला कळत नाही. फारच वाटोळं झालं तर तो रसातळाला जातो, आणि पुराणं काढून बघितली तर सात पाताळांत रसातळ सहावं. म्हणजे रसातळाला गेल्यावरही एक मजला खाली शिल्लक राहतोच. मी हे सगळं लिहून काढलं, मग खोडलं, कारण ॲपवाल्यांना पुराणं नको होती. उदाहरणाच्या वाक्यात त्यांना साधी नावं लागत, रमेश, सीमा. सीमाची नोकरी गेली आणि ती रॉक बॉटमला पोचली, असं काहीतरी. दोन दिवस मी त्या वाक्यापुढे बसून होते. सीमाला तळाला पोचवायचं माझ्या हातून होईना.

अशातच वहिनींकडे विहिरीचा गाळ काढायचं निघालं. मुळशीत पाऊस असा कोसळतो, की वर्षभरात डोंगरावरची निम्मी माती विहिरीत येऊन बसते. म्हणून दर वर्षी मे महिन्यात मोटर लावून पाणी उपसायचं आणि तळाचा गाळ काढायचा. आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला नाही, तर माणूस उतरतो. घमेल्यानं पाटी भरतो, दोरी हलवतो, आणि चाकावरून आलेली ती दोरी ओढत भावकीतली दोघं बांधावरून मागं चालत जातात. ती जातात लांब, त्यांना खालचं काही दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. म्हणून काठावर आणखी एक जण लागतो. त्याचं काम एकच, खालच्या माणसाशी बोलत राहायचं.

हे काम वहिनींचं होतं आणि त्या ते वर्षभराची कसर काढून करत. मी खोलीच्या खिडकीतून ऐकत असे.

“गेल्या साली गवऱ्या भिजल्या त्या कुनापायी?”

खालून घुमलेला आवाज येई, “माझ्यापायी!”

“माझ्या भावाच्या लग्नात तोंड फुगवून कुटं बसला व्हता?”

“मांडवाच्या मागं!”

“आन् का?”

“जिलबी मिळाली न्हाई म्हनून!”

मी एकदा हसत बाहेर आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “वर्साकाठी ह्योच आठवडा ताई. एरवी ह्ये उटून जात्यात. आता कुटं जातील?”

दुसऱ्या दिवशी दुपारी खोल्या बघायला पुण्याहून कोणी कुटुंब आलं आणि वहिनींना उठावं लागलं. त्यांनी मला हाक मारली. “ताई, जरा हितं बसा. ह्यांच्याशी बोलत ऱ्हावा.” मी म्हटलं, मला काय बोलायचं सुचणार? त्यांनी पदर खोचत मला नियम सांगितले. “बरं हाय का, असं इचारायचं न्हाई. बरं हाय ते कुनी बी म्हनतंय. खालची हवा वंगाळ झाली की मानूस झोपंत असल्यागत निसतं व्हय व्हय करतंय आन् मंग गपकन बसतंय. माझ्या म्हायेराला झालंय असं. म्हनून असं इचारायचं की त्याला आठवून सांगाया लागंल. आन् गप बसला तर वरडायचं.” एवढं बोलून त्या निघाल्या आणि मी काठावरच्या सपाट दगडावर बसले.

खाली बघितलं तर किसनदादांचं डोक्याला बांधलेलं फडकं तेवढं दिसत होतं. बाकी सगळा अंधार आणि गाळाचा थंड वास.

“किसनदादा, काल भाजी काय होती?”

“शेवग्याच्या शेंगा!”

“आणि परवा?”

घमेलं थांबलं. “म्याडम, तुमी बी तितंच जेवताय की!”

झालं, माझा साठा संपला. माणसाला माणसाशी बोलायला इतके कमी विषय असतात, हे मला त्या दगडावर बसून उमगलं. मी धाकट्या म्हशीचं नाव विचारलं, भाताचं बी कोणतं ते विचारलं. मग काहीच सुचेना तेव्हा हातातलं काम काढलं.

“इंग्रजीत एक शब्द आहे, दादा. रॉक बॉटम.”

“मंजी?”

“विहीर खणता खणता कातळ लागला, की त्याच्या खाली जाता येत नाही. तसा माणूस अगदी तळाला गेला, की म्हणतात.”

“का जाता येत न्हाई? सुरुंग लावायचा.”

“नाही, पण समजा...”

“ह्या हिरीला आमच्या आज्यानं लावला व्हता. त्याचं एक बोट गेलं त्यात.” मग पाटी भरल्याचा आवाज, दोरी हलली, पाटी डुलत वर आली. “सायबाच्या मुलकात बी हिरी असत्यात व्हय?”

“असतील की.”

“मंग काठावर कोन बसत असंल?”

मला माहीत नव्हतं. माझ्या उगमात ते कुठेच नव्हतं. खणणारे होते, कुदळी होत्या, खडक होता, वर कोण होतं याविषयी कोणी चकार शब्द लिहिलेला नव्हता.

“आता मी इचारतो,” किसनदादा खालून म्हणाले. रिकामी पाटी खाली येईपर्यंत त्यांना उसंत होती. “आमचं साहेब कवा येनार? त्या वक्ताला पिठलं लई आवडलं व्हतं त्यास्नी.”

त्यांनी ते सहज विचारलं. दिवसभर शेतावर असणारा माणूस, त्याला काय ठाऊक. मी नेहमीसारखं ‘येतील, काम असतं’ म्हणणार होते. पण खाली चेहरा नव्हता. फक्त एक फडकं आणि अंधार. चेहरा नसला की खोटं बोलायचं कारणच उरत नाही.

“ते येणार नाहीत, दादा,” मी म्हटलं. “ते मला सोडून गेले. दिवाळीत. दुसऱ्या बाईबरोबर राहतात. माझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती त्यांच्यासाठी वाण घेऊन यायचं म्हणतेय आणि मी रोज तिला थापा मारतेय. तिला काय सांगू ते मला कळत नाही.”

हे शब्द मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारले. ते विहिरीत गेले, घुमले आणि विरले. खालून काही आलं नाही.

“किसनदादा?”

काही नाही. घमेल्याचा आवाज नाही.

“दादा! अहो दादा!”

मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं ओरडले नसेन. बांधावरचे दोघे दोरी टाकून पळत आले, पाहुण्यांसाठी भाकरी करायला बसलेल्या वहिनी पिठाच्या हातांनी पळत आल्या, त्यांच्यामागून खोल्या बघायला आलेलं ते सगळं कुटुंबही आलं. वहिनी काठावर पालथ्या पडून हाका मारू लागल्या, त्यांचा आवाज फाटला होता. एक जण कमरेला दोरी बांधायला लागला. आणि तेवढ्यात खालून, अगदी बारीक आवाजात, “हाय. मी हाय.”

“मंग तोंड शिवलंय का?” वहिनी रडत ओरडल्या. “बोलाया काय झालतं?”

“काय बोलावं सुचंना.”

“का सुचंना?”

मग किसनदादांनी सांगितलं. न सांगून करतात काय, वहिनींनी विचारलेल्या प्रश्नाला खालच्या माणसानं पूर्ण उत्तर द्यायचं, हा तर घरचा कायदा. “म्याडमचं साहेब त्यास्नी सोडून गेलं. दुसरी बाई केली. म्याडमनी आईला सांगितलं न्हाई. मला ऐकून कसंसंच झालं.” विहिरीचा आवाज मोठा असतो. ते भावकीनं ऐकलं, पुण्याच्या कुटुंबानं ऐकलं, आंब्यावरच्या कावळ्यांनी ऐकलं. सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले. एकानं दोरीची गाठ उगाच तपासली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि धरणी तर तिथं आधीच दुभंगलेली होती.

वहिनींनी डोळे पुसले. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला ठावं व्हतं वो. रोज सांजच्याला हिरीवर उभं ऱ्हाऊन तुमी कुनाला ऑफिसला धाडत व्हता? हितं तर कुनीच न्हाई.”

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही आवरता आलं नाही. खूप दिवसांनी मी माणसांत रडले. एकटीनं रडताना पाणी प्यायला कोणी देत नाही, आपलं आपण उठून प्यावं लागतं, हे ज्यांनी अनुभवलं असेल त्यांना त्या तांब्याची किंमत कळेल जो वहिनींनी माझ्यापुढे धरला.

आता विहिरीत माणूस उतरत नाही. यारी येते, तिचा लोखंडी पंजा खाली जातो आणि अर्ध्या दिवसात गाळ काढून मोकळा होतो. वहिनींनीच फोनवर सांगितलं. पलीकडची जमीन विकली गेली, तिथं पोहण्याचा तलाव असलेलं रिसॉर्ट झालं आहे. मी विचारलं, मग तुम्ही भांडता कधी? म्हणाल्या, “टीव्हीच्या जाहिरातीत.” मला बरं वाटलं, पण यारीशी कोणाला बोलावं लागत नाही या गोष्टीची चुटपुटही लागली.

माझंही तसंच चाललं आहे. सूसच्या या सोसायटीत माझं स्वतःचं छोटं घर आहे, काम आहे, लिफ्टमध्ये भेटणारी माणसं आहेत. “बरंय ना?” ते विचारतात. “बरंय,” मी म्हणते. तिसरा मजला यायच्या आत सगळं आटोपलेलं असतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा नंबर मी अजून पुसलेला नाही. संध्याकाळी दिवे लागले, की हात फोनकडे जातो, आणि मग उगाच हवामान बघून तो ठेवून देते. एकटेपणाची सवय होते असं म्हणतात. होते, पण दुखऱ्या दातासारखी, जीभ तिथं जातेच.

विहिरीवर ते सगळं झालं त्या दिवशी संध्याकाळी मी त्याच आंब्याखाली उभी राहिले. वहिनी अंगणात भांडी घासत होत्या आणि ती न वाजवता घासत होत्या. आईचा फोन आला. काय करायलीस. जेवलीस का. जावई बरे हायत का.

“सुहास नाहीये, आई,” मी म्हटलं. “तो दिवाळीतच गेला. आम्ही वेगळे झालोय. मी सूसला राहत नाही, मुळशीला एका शेतकऱ्याकडे राहते.”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, “बरं. अनारशाचं पीठ करून ठेवलंय. घेऊन येते.”

बस, इतकंच. ना ‘अगं बाई’, ना ‘असं कसं झालं’. सहा-सात महिने ज्या गोष्टीचं ओझं मी छातीवर वागवलं, त्यावर तिला आठवलं काय, तर पीठ. मला इतकं लागलं ते, की रात्री जेवायलाही उठले नाही. विहिरीच्या तळातला किसनदादांसारखा परका माणूस ऐकून गप्प झाला होता, आणि माझ्या सख्ख्या आईला साधा हुंदकाही फुटला नाही.

ती आली. परभणीहून रात्रीच्या बसनं पुण्याला, तिथून एसटीनं मुळशीला, एकटी. नऊवारीचा काष्टा प्रवासात चुरगळलेला, काखेत पिशवी, हातात पितळी डबा. वाणाचं ताम्हनही आणलं होतं, ते तिनं पिशवीतून काढलंच नाही. वहिनींनी चहा दिला तो तिनं उभ्यानं प्यायला आणि विचारलं, “कढई हाय का?”

आईच्या अनारशांची आमच्या गल्लीत ख्याती होती. अनारसा हे लहरी पक्वान्न. पिठात ओल जरा जास्त झाली किंवा तूप जरा कमी-जास्त तापलं, की तुपात सोडल्या सोडल्या तो विरघळतो, त्याचे तुकडे तुकडे होतात. बायका त्याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. आईचा अनारसा कधी हसला नव्हता. दुसऱ्यांचे हसले की बायका तिला बोलवायला यायच्या, आणि ती जायची तेव्हा जरा ताठच चालायची.

वहिनींच्या चुलीपुढे बसून तिनं पहिला अनारसा थापला, खसखशीवर दाबला, तुपात सोडला. तो हसला. ती म्हणाली, “तूप तापलं नव्हतं.” दुसरा सोडला. तोही हसला. “हितली हवाच ओली हाय.” तिसरा. चौथा. कढईभर बदामी चुरा तरंगायला लागला. वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हैस ओरडल्याचं निमित्त करून उठल्या. म्हैस ओरडली नव्हती. आई थापतच होती.

“आई, राहू दे आता,” मी म्हटलं.

“कसं राहू दे? एवढ्या लांबून आणलंय.”

“मला काही नको अनारसे.” आणि मग जे दोन दिवस गिळून धरलं होतं ते तोंडातून बाहेर पडलंच. “फोनवर तुला धक्कासुद्धा बसला नाही.”

तिनं झाऱ्यानं चुरा एका बाजूला ओढला. “कशाचा धक्का? मला ठाऊक होतं. संक्रांतीपासून.”

“कोणी सांगितलं?”

“कोण सांगंल? तुझ्या फोनात पहिल्यांदा मागून त्यांचा खोकला यायचा, टीव्ही लागलेला असायचा, कुणीतरी दार लावायचं. दिवाळीनंतर मागं काहीच ऐकू येईना, संक्रांतीपर्यंत तसंच. नुसती तू.” तिनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला. “म्हणून वाणाचं काढलं. म्हणलं, वाण घेऊन येते म्हणलं की हिला सांगावंच लागंल. तर तू घराला रंग लावलास.”

मला राग आला. लाज वाटली त्याहून जास्त. “मग सरळ विचारायचं नाहीस का मला?”

“रोज विचारायले होते की,” आई म्हणाली. “जावई बरे हायत का म्हणून. आणि कसं विचारू बाई?”

ती हे मोठ्यानं बोलली नाही. तिनं हातातला थापलेला अनारसा हलकेच तुपात सोडला. तो कडेनं सुटायला लागला, मग मधून फाटला, आणि आम्ही दोघी तो बघत बसलो, कोणीच झारा उचलला नाही.